पाचशे बैल आणि एक जहाज

ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात जमशेटजी बमनजी वाडियांचं तैलचित्र आहे. कमरेला चांदीची मोजपट्टी, हातात जहाजाचा नकाशा आणि खिडकीतून दिसणारं ‘मिंडेन’. 74 तोफांचं हे शिडाचं लढाऊ जहाज 19 जून 1810 रोजी मुंबईच्या गोदीतून पाण्यात उतरलं.

त्या चित्राची छापील प्रत मी हिंगणघाटला आमच्या आबाजींना दाखवली होती. तोफांकडे त्यांनी पाहिलंच नाही.

“लाकूड कोन्तं?”

“सागवान. मलबारचं.”

“मंग टिकलं असंन.”

सागाची पारख आर्वी-कारंज्याकडच्या जंगलांमुळे आमच्याकडे घरोघरी असते. सागाबद्दलचा त्यांचा अंदाज खराच होता. जमशेटजींनी 1817 मध्ये बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे.

मग आबाजी कापसावर आले. त्यांच्या आज्यानं त्यांना सांगितलं होतं, की आगगाडीआधी वऱ्हाड-नागपूरचा कापूस बैलांच्या पाठीवरून पार गंगाकाठच्या मिर्झापूरला जायचा. महिनोन् महिने वाट, रस्त्यात पाऊस गाठला तर माल गेला. आणि एकदा म्हणे पाचशे बैल उलट दिशेला, मुंबईकडे निघाले.

ही सांगोवांगी नव्हती. 1825-26 मध्ये विकाजी-पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी वऱ्हाडातून मुंबईला पहिला कापूस धाडला : 1,20,000 पौंड, पाचशे बैलांवर. म्हणजे एका बैलावर 240 पौंड. वर्धा नदीपलीकडची ही हकीकत आमच्या काठावर तीन पिढ्या तोंडी टिकली, याचं मला फार अप्रूप वाटतं. जहाज बांधणारे पारशी, कापूस बंदराकडे नेणारेही पारशी. मधली सगळी वाट मात्र बैलांची आणि त्यांना हाकणाऱ्यांची.

1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. हिंगणघाटचा बणी कापूस तेव्हा विलायतेच्या बाजारात गावाच्या नावानं ओळखला जाई. “आपला कापूस समुद्र पाहून आला बाप्पा, आपन नाई पाह्यला,” आबाजी म्हणायचे.

जमशेटजींचं चित्र आहे, मिंडेनचंही आहे. त्या पाचशे बैलांमागे चालणाऱ्या एकाचंही नाव मला कुठं सापडलेलं नाही. तुमच्या घरात नव्वदीचं माणूस असेल, तर कापसाच्या वाटेची गोष्ट त्यांच्याकडून याच दिवाळीत लिहून घ्या.