नदीवरचे धुके

नदीचे चित्र काढणे एक वेळ सोपे. तिच्यावरचे धुके काढणे कठीण. धुक्याला कड नसते आणि आपली जुनी चित्रकला तर रेषेवर उभी. पवना आणि इंद्रायणी यांच्या काठी राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी या अडचणीचा इतिहास पाहण्याजोगा आहे.

पुण्यास निसर्गदृश्ये कागदावर उतरविण्याचा उद्योग उत्तर पेशवाईत रुजला. रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्यासाठी गंगाराम तांबट हा चित्रकार काम करी. पुढे जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यास आला, तेव्हा गंगारामास त्याचीही जोड मिळाली. वेरूळची लेणी, पर्वतीची टेकडी, पेशव्यांचा गेंडा हे सारे गंगारामाने काढले. त्याची बरीच चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. मॅलेटला हवी होती माहिती, आणि माहितीला धुक्याची अडचणच होते.

पवनेच्या काठी चिंचवडास मोरया गोसावींच्या समाधीचे मंदिर १६५८-५९ मध्ये उभे राहिले. १८०९ साली मारिया ग्रॅहम ही इंग्रज प्रवासिनी तेथे आली. ती स्वतः चित्रे काढी. परंतु चिंचवडास ती आली ती देवांच्या दर्शनाच्या कुतूहलाने, नदीसाठी नव्हे.

जपानात हा प्रश्न उलट बाजूने सुटला होता. सोळाव्या शतकातील हासेगावा तोहाकू याने नुसत्या काळ्या शाईने पाइन वृक्ष रंगविले. जवळची झाडे गडद, दूरची फिकट, मध्ये कोरा कागद. तो कोरेपणा म्हणजेच धुके! मात्र शाई एकदा लागली की परत घेता येत नाही. कोठे थांबायचे ते आधीच ठरवावे लागते. पेस्टलचे तसे नाही. रंगाची पूड किंचित गोंदात मळून केलेली ही कांडी. खरखरीत कागदावर घासली की पूड उंचवट्यांवर बसते आणि बोटाने पुसली की कड विरते. म्हणून घाटाच्या पायऱ्या शाईने आणि पैलतीर पेस्टलने, ही वाटणी आम्हांस योग्य वाटते.

१९५४ साली पिंपरीस पेनिसिलिनच्या कारखान्याची स्थापना झाली. पुढे कारखान्यांची रांग चाकणपर्यंत गेली आणि नद्यांचे रूप पालटले. अलीकडच्या वर्षांत आळंदीस इंद्रायणीवर पांढरा फेस अनेकदा तरंगलेला लोकांनी पाहिला आहे. दुरून तो धुक्यासारखा भासतो. पण धुके म्हणजे गार हवेत बारीक थेंब झालेली वाफ. ऊन चढले की ते जाते. फेस सांडपाण्याचा, तो उन्हातही राहतो. दोन्ही एकाच कोऱ्या कागदाने दाखविली तर चित्र सुंदर होईल, पण खोटे होईल.

येथे गंगारामाची शिस्त उपयोगी पडते. फेसाला कड आहे. ती रेषेने बिनचूक काढावी. धुक्याला नाही, ते कागदावर तसेच सोडावे. नदीवर प्रेम करणाऱ्या चित्रकाराला ही दोन्ही कामे आली पाहिजेत.