स्टेरॉइडयुक्त त्वचामलमे

स्टेरॉइडयुक्त त्वचामलमे ही कॉर्टिकोस्टेरॉइड वर्गातील द्रव्ये असलेली, त्वचेवर लावावयाची औषधे आहेत. इसब, सोरायसिस आदी विकारांतील दाह व खाज ती कमी करतात. सुल्झबर्गर व विटेन या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांनी १९५२ मध्ये हायड्रोकॉर्टिसोनचा त्वचेवरील उपयोग दाखवून दिला. पुढे त्याहून कितीतरी तीव्र द्रव्ये आली. क्लोबेटासोल हे अतितीव्र गटातील होय.

दुष्परिणाम

दीर्घकाळ वापरल्यास त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या उठून दिसतात, मुरुमे व लव वाढते. काखेत आणि जांघेत पडलेल्या ताणरेषा सहसा कायमच्या राहतात. पापण्यांवरील वापराने काचबिंदू होऊ शकतो. मुलांमध्ये वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ अधिक असल्याने शोषलेले औषध अधिवृक्क ग्रंथींचे कार्य मंदावू शकते.

भारतात अशी मलमे गोरेपणासाठी सर्रास वापरली जातात. मलम थांबवताच चेहरा लाल होऊन आग होते, म्हणून तेच पुन्हा लावले जाते व सवय जडते. १२ केंद्रांवरील, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चेहऱ्याच्या विकारांच्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत असल्याचे आढळले.

गजकर्ण

गजकर्ण हा बुरशीचा संसर्ग आहे. उष्मा व घाम त्याला पोषक ठरतात. शिरपूरसह खानदेशात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. स्टेरॉइड, बुरशीनाशक व प्रतिजैविक एकत्र असलेल्या मलमाने खाज दोन-चार दिवसांत थांबते, आणि घोटाळा इथेच होतो. स्टेरॉइडमुळे त्वचेची प्रतिकारशक्ती दबते, बुरशी पसरत राहते व चट्ट्यांचे रूप बदलल्याने निदान अवघड होते. या अवस्थेस ‘टिनिया इन्कॉग्निटो’ म्हणतात.

कायदा व वापर

अनुसूची ‘एच’मधील औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, मात्र त्वचेवर लावण्याची बहुतेक औषधे या बंधनातून वगळलेली होती. केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये १४ स्टेरॉइड द्रव्यांच्या मलमांची ही सूट काढून घेतली.

तर्जनीच्या टोकाच्या पेरावर नळीतून काढलेली मलमाची रेघ सुमारे अर्धा ग्रॅम भरते आणि प्रौढाच्या दोन तळहातांएवढ्या भागाला पुरते. क्लोबेटासोल सलग दोन आठवड्यांपेक्षा अधिक काळ व आठवड्याला ५० ग्रॅमपेक्षा जास्त वापरू नये, असा संकेत आहे. अनेक महिने लावलेले मलम एकाएकी बंद न करता डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी केले जाते.