पाय बांधलेलं जनावर

आम्ही वडार. दगड फोडायचा, माती वाहायची आणि जोडीला गाढवं नि डुकरं पाळायची. गावाच्या लेखी डुक्कर म्हणजे घाण. आमच्या घरात तो अडीनडीचा पैसा होता. लेकीचं लग्न, दवाखाना, पावसाळ्यातले बिनकामाचे दिवस, सगळं त्याच्यावर निभावायचं. त्यामुळं त्याची निगाही तशीच. आय कोंडा-खरकटं कालवून घालायची. उन्हाळ्यात बा खोपीमागं खड्डा करून त्यात दोन-चार घागरी पाणी ओतायचा. माणसं हसायची, "डुकराला आंघोळ घालतोय!" पण डुकराला आपल्यासारखा घाम येत नाही, अंग थंड ठेवायला त्याला चिखलच लागतो. बाला हे कुठल्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं.

ही निगा सौदा होईपर्यंत. इसार हातात पडला की जनावर दुसऱ्याचं. मग चौघं-पाचजण त्याला दमेस्तोवर पळवायचे, फासात धरून पाडायचे, चारी पाय दोरीनं एकत्र आवळायचे. सायकलच्या कॅरिअरवर आडवं टाकलं की निघाली स्वारी. डोकं एका अंगाला लोंबतंय, वर ऊन, पाण्याचा थेंब नाही. त्याचं ओरडणं गावभर ऐकू जायचं, पण विचारायला कुणी यायचं नाही. बैलाला पराणी जास्त लागली तर चार माणसं बोलायची; डुकरासाठी बोलणारं कोण?

बा मात्र म्हणायचा, "पळवून मारलेल्याचं मटण पाणी सोडतंय बघ." पशुवैद्यकशास्त्रही तेच सांगतं. मरणाआधी भेदरलेल्या, झटापट केलेल्या डुकराच्या मांसात आम्ल झपाट्यानं वाढतं. मांस फिकं पडतं, पाणी सोडतं. फार वेळ दमलेलं असेल तर उलट काळपट नि कोरडं होतं. म्हणजे शेवटच्या दिवसाचे हाल गिऱ्हाइकाच्या ताटापर्यंत पोचतात.

कायदा काय करत होता? प्राण्यांना निर्दयपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला. त्यात कुठल्याही जनावराला यातना होतील अशी ने-आण गुन्हा ठरली. १९७८ साली वाहतुकीचे सविस्तर नियम आले. त्यात कुत्र्या-मांजरांचं प्रकरण होतं, माकडांचं होतं, गाई-बैलांचं, घोड्या-गाढवांचं, शेळ्या-मेंढ्यांचंही होतं. डुकराचं नव्हतं. गावानं त्याला कुसाबाहेर ठेवलं, तसंच नियमांनीही. त्याचं प्रकरण यायला २००१ साल उजाडलं. वाटेत चारा-पाणी द्यावं, खाली निदान ५ सेंटिमीटर जाडीचं गवत किंवा तसलं काही अंथरावं, आणि पाय बांधून पाडू नये, असं त्यात लिहिलं आहे. त्याच साली कत्तलखान्यांचेही नियम झाले : कापण्याआधी जनावराला २४ तास विसावा द्यावा, एकादेखत दुसरं कापू नये.

पण कत्तलखाना म्हणजे दिवसाला १० किंवा जास्त जनावरं कापली जातात ती जागा, अशी त्या नियमांत व्याख्या आहे. आमच्याकडं डुक्कर कापलं जायचं ते ओढ्याकाठी, एखाद-दुसरं. तिथं ना डॉक्टर, ना विसाव्याचा गोठा. आणि टेम्पोचं भाडं सायकलवाल्याला झेपणारं नव्हतं. नुसता दंड करून हे सुटत नाही. गरिबाचं जनावर नीट न्यायचं तर गरिबालाही त्याची सोय लागते.

आता माझा पुतण्या पांढरी यॉर्कशायर डुकरं पाळतो. एकाच खोपीतली जनावरं एकत्र भरतो, कारण अनोळखी डुकरं भांडून एकमेकांना फाडतात. फळीची उतरंड लावून त्यांना आपल्या पायांनी टेम्पोत चढवतो, आणि ते पहाटे, ऊन चढायच्या आत. आदल्या रात्री खाणं बंद, पाणी मात्र शेवटपर्यंत. व्यापारी पहिल्यांदा कुरकुरले. दोन खेपांनंतर मटणाकडं बघून त्यांनीच पहाटेची वेळ मागून घेतली.