पखालीचं औषध

मराठवाड्यात एक म्हण सर्रास कानावर येते: आजार हल्याला आणि औषध पखालीला. हल्या म्हणजे रेडा, आणि पखाल म्हणजे त्याच्या पाठीवर दोन्ही अंगांना लोंबणारी कातड्याची पाणपिशवी. भलत्याच जागी इलाज करणाऱ्याची ही टिंगल. पण कामाच्या जागी वाहून आणलेल्या पिण्याच्या पाण्याचा इतिहास चाळला, की ही म्हण उलटी वाचावीशी वाटते. विहीर चांगली, हल्या ठणठणीत आणि दुखणं पखालीतच, असं कितीदा तरी घडलेलं आहे. सरकारी कागदाला ते उमगायला मात्र वेळ लागला.

कन्नड तालुक्यातलं पिशोर अंजना नदीच्या काठी आहे. नदी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात वाळूत जिरते. मुरूम संपला की खाली काळा पाषाण, त्याच्या भेगेत पाणी लागलं तर लागलं. गाव पाणी बघून वसतं, काम मात्र पाणी बघून निघत नाही. खडी माळावर फोडायची असते, पाझर तलावाची भिंत गावापासून कोसभर लांब ओढ्यावर घालायची असते, ऊस ज्या शिवारात उभा असेल तिथेच तोडायचा असतो. माणसं कामावर गेली की पाण्यालाही त्यांच्या मागे जावं लागतं.

जुन्या गावगाड्यात हे पाणी नेण्याचं काम कोळ्याकडे असे. बलुतेदारांत त्याची गणना व्हायची ती पाणक्या म्हणूनच. शहरात आणि छावणीत तेच काम खांद्यावर मशक घेतलेला भिस्ती करायचा. मशक बकऱ्याच्या कातड्याची, पखाल मोठ्या जनावराच्या. कातडं किंचित पाझरतं, पाझरलेलं पाणी वाळताना आतलं पाणी गार होतं. वाहतूक आणि शीतकरण एकाच भांड्यात, अशी ती मोठी हिकमतीची वस्तू होती. दोष एकच. तिच्या आतून हात फिरवता येत नसे. तोंड वादीने आवळलेलं, शिवणीत वर्षानुवर्षांचं शेवाळ, आणि घासायचं म्हटलं तर घासणार कुठे?

पाण्याला मंजुरी तेव्हाही लागायची, पण ती पाण्याच्या शुद्धतेची नव्हती. पाणी कोणाच्या हातचं आणि कोणाच्या ओंजळीत पडतंय, एवढंच तपासलं जायचं. या मंजुरीचा सगळ्यात नागडा दाखला याच जिल्ह्यातला आहे. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह वेरूळ आणि दौलताबाद पाहायला आले होते. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींनी किल्ल्याच्या दाराजवळच्या हौदावर हातपाय धुतले, तर हौद बाटवला म्हणून ओरडा झाला आणि गर्दी जमली. अखेर किल्ला पाहायची परवानगी मिळाली ती सोबत हत्यारबंद पहारेकरी घेऊन. आत कुठेही पाण्याला हात लागू नये, यावर त्याने नजर ठेवायची होती. बाबासाहेबांनी स्वतःच ही हकिकत लिहून ठेवली आहे. पाण्यासाठी सरकारी माणूस उभा करायची व्यवस्था त्या काळात नव्हती, असं म्हणता येत नाही. तो नको त्या कामावर उभा होता, एवढंच.

शुद्धतेसाठी माणूस उभा राहिला तो दुष्काळामुळे आणि पटकीमुळे. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला, १८८० मध्ये त्याचा अहवाल आला आणि त्यातून दुष्काळ-संहिता तयार झाल्या. हजारो माणसं एका रस्त्यावर खडी फोडायला बसवायची, तर त्यांच्या पिण्याच्या पाण्याची राखण हा कामाचाच भाग आहे, हे त्यामुळे निदान कागदावर आलं. १८९९-१९०० च्या दुष्काळात मुंबई इलाख्यातल्या कामांवर पटकीने माणसं पटापट गेली आणि त्या कागदाचं मोल कळलं. हा औरंगाबाद जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात. दुष्काळ मात्र सरहद्द पाळत नव्हता.

त्याच सुमारास आग्र्याच्या प्रयोगशाळेतल्या अर्नेस्ट हॅनकिन यांनी पटकीच्या साथीत विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकायचा उपाय पुढे आणला. पाणी गुलाबी होईतो टाकायचं, मग थांबायचं. पुढच्या पिढ्यांना ते ‘लाल औषध’ म्हणून माहीत झालं. विहिरीला औषध मिळालं खरं. पखालीला अजून मिळायचं होतं.

ते मिळालं लष्कराकडून. ब्रिटिश सैन्यातले डॉक्टर विल्यम हॉरॉक्स यांनी पाण्याला किती क्लोरीन लागेल हे जागेवरच मोजायची एक पेटी तयार केली. पहिल्या महायुद्धात फौजेमागे घोड्यांच्या पाणगाड्या चालायच्या. एकेका गाडीत शंभरेक गॅलन पाणी असायचं आणि ते आज या ओढ्याचं तर उद्या त्या डबक्याचं. मूळ पाण्याची हमी कोणीच देऊ शकत नव्हतं, म्हणून तपासणी गाडीपाशी आली. हा फरक लहान नाही.

ती पेटी आजही वैद्यकीय महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना अभ्यासावी लागते. आत सहा पांढरे पेले, एक काळा पेला, दोन ग्रॅमचे चमचे, काचेच्या कांड्या. एक सपाट चमचा ब्लीचिंग पावडर काळ्या पेल्यात पाण्यात कालवायची. पांढऱ्या पेल्यांत तपासायचं पाणी घ्यायचं आणि काळ्यातलं द्रावण पहिल्यात एक थेंब, दुसऱ्यात दोन, असं सहाव्यात सहा थेंब टाकायचं. ढवळून अर्धा तास थांबायचं. मग प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडचे तीन थेंब टाकायचे आणि निळा रंग पहिल्यांदा कोणत्या पेल्यात उमटतो ते बघायचं. तिसऱ्यात उमटला तर तीन चमचे, म्हणजे सहा ग्रॅम पावडर. कशासाठी? ४५५ लिटर पाण्यासाठी. हा आकडा विद्यार्थी निमूट पाठ करतात. ४५५ लिटर म्हणजे जवळपास १०० इंपीरियल गॅलन, म्हणजे त्या पाणगाडीच्या मापाचीच रक्कम. घोडा गेला, गाडी गेली, गॅलनही गेले. तिचं माप मात्र पाठ्यपुस्तकात राहून गेलं.

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाने अधिनियम आला. त्याचं अठरावं कलम फक्त पिण्याच्या पाण्याचं होतं. पाण्याच्या जागी कामगारांना समजेल अशा भाषेत ‘पिण्याचे पाणी’ असं लिहिलेलं हवं होतं. संडास-मुतारीपासून वीस फुटांच्या आत ती जागा नको (पुढे हे अंतर सहा मीटर झालं), आणि कमी अंतर ठेवायचं तर मुख्य निरीक्षकाची लेखी मंजुरी लागायची. अडीचशेहून अधिक कामगार असतील तर उन्हाळ्यात गार पाणी. खरी गंमत कायद्याखालच्या नियमांत होती. पाणी सार्वजनिक नळाचं नसेल तर ते ज्या ठिकाणाहून आणणार, त्याला आरोग्य अधिकाऱ्याची लेखी मान्यता लागायची. विहिरीचं असेल तर आठवड्याला निर्जंतुकीकरण. साठवणीचं भांडं झाकणाचं, तोटीचं, सावलीत, उंच ओट्यावर ठेवलेलं. खाली सांडलेलं पाणी वाहून जायला वाट. आणि पाणी दिवसातून एकदा तरी बदललेलं. हा मजकूर लिहिणाऱ्याने कधीतरी एखादा डेरा नीट निरखला असणार, असं वाटत राहतं.

पण हे सगळं कारखान्याला. पिशोरच्या माळावरचा रस्ता कारखाना नव्हता. उघड्यावरच्या बांधकामाला सहा मीटरचं तसंच कलम मिळायला १९९६ चा इमारत व इतर बांधकाम कामगारांचा कायदा यावा लागला.

मधे १९७२ चा दुष्काळ येऊन गेला. त्या दुष्काळाच्या ऐन भरात, मे १९७३ मध्ये, राज्यात जवळपास ५० लाख माणसं सरकारी कामांवर होती. मराठवाड्यात खडी केंद्रं, नालाबंडिंग, पाझर तलाव. हजेरीपट मुकादमाकडे, सुकडी पातेल्यात आणि पाणी टिपाडात. धरणाच्या भिंतीवर शे-दोनशे घमेली फिरत असताना टिपाडातलं पाणी दुपारी कसं लागत असेल, याची कल्पना ज्याने उन्हात तापलेल्या पत्र्याला एकदा हात लावलाय त्याला सहज येईल. याच वर्षांत भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली, बोअर मारणारी यंत्रं गावोगाव फिरली. जालना आणि सोलापूर या नावांनी ओळखले जाणारे दणकट हातपंप मराठी मुलखातच घडले. सोलापूर पंपाच्या धर्तीवर पुढे इंडिया मार्क टू झाला आणि जगभर गेला. जिथे हातपंप पोचला तिथे पखालीचा प्रश्न मिटला. कामाची जागा मात्र दर महिन्याला पुढे सरकते. तिच्यासाठी बोअर कोण मारणार?

वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. पिण्याचं पाणी, सावली, प्रथमोपचार या सोयी रोहयोच्या कामाशी जोडल्या गेल्या. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याने त्याच सोयी आपल्या अनुसूचीत घातल्या, आणि त्यात ‘सुरक्षित’ हा शब्द आला. पाणी वाटायला साधारणतः गटातलीच एक बाई असते, बहुधा वयस्क किंवा बाळंतपणातून नुकती उठलेली. तिची हजेरी मजूर म्हणूनच लागते. एका बाजूने पाहिलं तर ही पाणक्याचीच जागा, फक्त बलुत्याऐवजी रोज.

टंचाईच्या टँकरला आज कागदाची वाट ठरलेली आहे. ग्रामपंचायतीचा ठराव, पंचायत समिती आणि तहसीलची पाहणी, विहिरीचं अधिग्रहण, मग मंजूर खेपा. पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकायची, हजार लिटरला पाच ग्रॅम. दहा हजारांच्या टँकरला पन्नास, म्हणजे जेमतेम मूठभर. अर्ध्या तासाने ओटी टेस्ट: नळीत पाणी, वर ऑर्थोटोलिडिनचे थेंब, पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. ओटीतलं रसायन आरोग्याला घातक मानून अनेक देशांनी ते सोडलं. आपल्या गावांतल्या बोलण्यात ते घट्ट रुतून बसलंय. भांड्याची काळजी कशी घेता येते हे २०१६ मध्ये दिसलं. मिरजेहून लातूरला पाणी नेणाऱ्या ‘जलदूत’ गाडीचे वाघिणी-टँकर आधी कोट्याच्या कार्यशाळेत वाफेने धुतले गेले, आणि ११ एप्रिलला दहा टँकरांत सुमारे पाच लाख लिटर पाणी निघालं. साऱ्या देशाची नजर असली की पखालीलाही औषध मिळतं.

पिशोरकडच्या रस्त्याच्या कामावर पत्रकार येत नाहीत. तिथे असतो निळा प्लास्टिकचा ड्रम, त्याला गुंडाळलेलं ओलं बारदान आणि दोरीने बांधलेला एक ग्लास. सकाळी टँकर भरला तिथे नळी पिवळी झाली होती. दुपारपर्यंत उन्हात क्लोरीन उडून जातो, आणि ग्लासाबरोबर खडी-सिमेंटचे हात पाण्यात बुडतात. तोटीचा ड्रम थोडा महाग, लांब दांड्याचं ओगराळं त्याहून स्वस्त. दोन्ही क्वचित दिसतात. टँकरच्या लॉगबुकात खेपा, किलोमीटर आणि सह्या असतात. ड्रमपाशी कोणी सही करत नाही. हल्ली काही ठेकेदार वीस लिटरचे गार जार आणतात. सीलबंद पाण्याला आयएस १४५४३ हे मानक आहे. झाकण उघडून भरून दिलेला जार त्या व्याख्येत बसत नाही, तरी त्याची ऐट बाटलीची असते.

संध्याकाळी काम सुटतं तेव्हा पाणी वाटणारी बाई बारदान सोडते, ड्रम एका बाजूला कलता करते आणि तळातल्या उरल्यासुरल्या पाण्याने घमेली-फावडी धुऊन घेते. पाणी रोज बदलावं, हा कारखान्यांचा नियम तिने वाचलेला नाही. ड्रम रात्री उपडा घालून ठेवते, कारण वर झाकण नाही आणि माळावर कुत्री फिरतात.