काळजीवाहक कौशल्य प्रशिक्षण

काळजीवाहक कौशल्य प्रशिक्षण : विकास मंदावलेल्या किंवा स्वमग्न असलेल्या २ ते ९ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने आखलेला कार्यक्रम. नऊ गटसत्रे आणि तीन गृहभेटी अशी त्याची मूळ रचना आहे. सहभागासाठी निदानाची सक्ती नसते. तज्ज्ञांच्या भेटीसाठी महिनोन्‌महिने थांबणाऱ्या कुटुंबांना याचा फार मोठा आधार आहे.

शिकवण्याचे माध्यम म्हणजे घरातला खेळ आणि रोजची कामे. आई भाकरी थापत असताना मूल पिठाकडे हात नेते, तेव्हा लगेच गोळा हाती न देता ती क्षणभर थांबते, त्याच्या नजरेच्या पातळीवर येते आणि ‘पीठ’ एवढाच शब्द उच्चारते. मुलाने खूण केली, आवाज काढला, तरी ते उत्तर मानून गोळा दिला जातो. हट्ट किंवा आदळआपट यांना शिक्षा करण्याऐवजी त्याआधी काय घडले आणि मुलाला त्यातून काय सांगायचे होते, हे शोधायला पालक शिकतात. पालकांचा स्वतःचा ताण हाही अभ्यासक्रमाचा भाग आहे, आणि तो असायलाच हवा.

सत्रे घेणारे तज्ज्ञच असतात असे नाही. परिचारिका, शिक्षक, समाजकार्यकर्ते यांना मुख्य प्रशिक्षक सत्रे घेण्यासाठी तयार करतात; प्रत्यक्ष कुटुंबांसोबतचा सराव, निरीक्षण आणि नंतरची देखरेख यांवर सत्रांचा दर्जा टिकतो. केवळ व्याख्यानांनी हे कौशल्य येत नाही. फिट्स येणे, आलेली भाषा हरवणे, मुलाने स्वतःला गंभीर इजा करणे अशा वेळी मात्र मुलाला तज्ज्ञांकडे पाठवावे लागते.