कुलूप होते, पण किल्ली चोराकडे : १९९४ ची पासवर्डचोरी
#थ्रेड

१/ ३ फेब्रुवारी १९९४. अमेरिकेतील पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातून ‘सर्ट’ या संगणक-सुरक्षा पथकाने इशारा प्रसृत केला : इंटरनेटवरील काही दशसहस्र यंत्रणांची प्रवेशमाहिती घुसखोरांच्या हाती पडली आहे. इशाऱ्यात एका फाइलचे नाव होते : /डेव्ह/निट.

२/ तेव्हाचे इथरनेट म्हणजे एका सामाईक केबलवर जोडलेले अनेक संगणक. एकाचा निरोप सर्वांपर्यंत पोहोचे. वाड्याच्या चौकात मोठ्याने बोलावे तसा. प्रत्येक नेटवर्क कार्ड आपल्या पत्त्यावरचे तेवढे उचली, बाकीचे सोडून देई. ‘प्रॉमिस्क्युअस मोड’ सुरू केला, की तेच कार्ड सगळे उचलू लागे.

३/ युनिक्समध्ये टेप, डिस्क, टर्मिनल ही सारी उपकरणे फाइलच्या रूपात दिसतात. बर्कलीच्या युनिक्सने नेटवर्क कार्डाचा मात्र अपवाद केला. त्याची वाट सॉकेटमधून. पण बिघाड शोधायचा तर केबलवरून वाहणारी पॅकेट्स जशीच्या तशी पाहावी लागतात. त्यासाठी सन कंपनीच्या सनओएस ४ मध्ये ‘नेटवर्क इंटरफेस टॅप’, म्हणजेच निट, ही सोय होती. हेतू दुरुस्तीचाच!

४/ निट रूटपुरतेच राखावे, ही शिस्त. म्हणजे दाराला कुलूप होते. घुसखोर मात्र एखाद्या न बुजवलेल्या त्रुटीतून आधी रूटच होत आणि मग निट उघडत. टेलनेट, एफटीपी, आरलॉगिनच्या प्रत्येक नव्या जोडणीतील पहिली १२८ अक्षरे त्यांचा प्रोग्राम टिपून ठेवी. नाव आणि पासवर्ड, दोन्ही त्यांतच आणि तेही उघड्या अक्षरांत. एका संगणकावर बसून शेजारच्या सर्वांचे पासवर्ड मिळत. त्या पासवर्डांनी पुढची जाळी उघडत.

५/ येथे फाइलच्या परवानग्या बदलून काय साधणार? रूटला परवानगी अडवत नाही. म्हणून सर्टचा सल्ला कठोर होता : गरज नसेल तेथे निट कर्नलमधूनच काढून टाका आणि कर्नल नव्याने बांधा. दाराला दुसरे कुलूप नव्हे, तर दारच बुजवायचे. त्याबरोबर व्यवस्थापकाचे स्वतःचे निदानाचे साधनही जाई, ही त्याची किंमत.

६/ पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर अशीच पासवर्डचोरी झाली. तेथील संशोधक तातू युलोनेन यांनी त्यावर जुलै १९९५ मध्ये ‘एसएसएच’ आणले : ऐकणारा ऐको, त्याला अर्थच लागणार नाही.

७/ १९९९ च्या लिनक्स २.२ कर्नलने रूटच्या सत्तेचेच तुकडे पाडले. कच्ची पॅकेट्स हाताळण्याचा अधिकार वेगळा, इंटरफेसची मांडणी बदलण्याचा वेगळा.

८/ आज डेबियनवर पॅकेट्स पाहण्याचे ‘वायरशार्क’ बसवताना एक प्रश्न विचारला जातो : सामान्य वापरकर्त्यांना पॅकेट्स टिपू द्यायची का? आधीच निवडून ठेवलेले उत्तर असते ‘नाही’.