बॉयलरपासून मनगटापर्यंत

नागपूरहून भंडाऱ्याकडे जाताना कन्हान नदीच्या काठावर मौदा लागतं. एनटीपीसीचं 2320 मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र इथलंच. 500 मेगावॉटचे दोन संच आणि 660 चे दोन. अशा केंद्रात येणाऱ्या कोळशाची पत रंगावरून ठरत नाही, कॅलरीवरून ठरते. त्यासाठी नमुना वाळवतात, पिठासारखा दळतात, चाळतात आणि त्यातला जेमतेम एक ग्रॅम छोट्या मुशीत घालून जाड पोलादी भांड्यात बंद करतात. भांड्यात हवेच्या तीसेक पट दाबाने ऑक्सिजन भरतात, ते पाण्यात बुडवतात आणि तारेतून वीज सोडून कोळसा पेटवतात. भोवतालचं पाणी किती तापलं, त्यावरून कोळशातली उष्णता कळते. या यंत्राचं नाव बॉम्ब कॅलरीमीटर. 1 जानेवारी 2012 पासून आपल्याकडे कोळशाची प्रत याच आकड्यावरून लागते: किलोमागे 7000 किलोकॅलरींहून जास्त भरला तर जी-1, आणि तिथून तीनशे-तीनशेने उतरत जी-17 पर्यंत.

याच पट्ट्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी पहाटे पोलीस भरतीच्या ग्राउंडची तयारी करणारी मुलं दिसतात. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. ज्यांच्या हातात फिटनेस बँड असतो ते धाव संपली की आधी वेळ बघतात, मग कॅलरी.

ही कॅलरी आणि कोळशाची किलोकॅलरी एकच. जी-11 प्रतीच्या 100 ग्रॅम कोळशात 400 ते 430 किलोकॅलरी असतात, आणि मौद्याच्या बांध्यांत पिकणाऱ्या तांदळाच्या 100 ग्रॅममध्ये साडेतीनशेच्या आसपास. म्हणजे दोघांत फार अंतर नाही. अंतर आहे ते आकडा काढण्याच्या रीतीत. कोळसा जाळून, पाणी तापवून त्याची कॅलरी मोजलेली असते. मनगटावरचा आकडा कुणी मोजलेला नसतो. तो अंदाज असतो, आणि त्या अंदाजाला सव्वादोनशे वर्षांहून जुनी वंशावळ आहे.

ती सुरू होते पॅरिसमध्ये, एका गिनीपिगपासून. 1782-83 च्या हिवाळ्यात आंत्वान लाव्हाझिए आणि पिएर-सिमों लाप्लास यांनी त्याला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवलं. त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळला ते मोजलं आणि त्याच्या उच्छ्वासातल्या वायूशी ताडून पाहिलं. श्वास घेणं म्हणजे संथपणे जळणं, हा निष्कर्ष तिथून निघाला. लाव्हाझिए पुढे माणसाच्या श्वासाकडे वळला, पण 1794 मध्ये क्रांतिकारकांनी त्याला गिलोटिनवर चढवलं. गुन्हा विज्ञानाचा नव्हता. राजासाठी कर गोळा करणाऱ्या खासगी मंडळीत त्याची भागीदारी होती, आणि अशा माणसांना लोक सहसा माफ करत नाहीत.

कॅलरी हे एकक मात्र आहाराच्या चर्चेत जन्मलं नाही. 1819 ते 1824 या काळात निकोला क्लेमां पॅरिसमध्ये वाफेच्या इंजिनांवर व्याख्यानं देत असे. एक किलो पाणी एक अंश सेल्सियसने तापवायला लागणारी उष्णता म्हणजे एक कॅलरी, असं तो विद्यार्थ्यांना सांगे. त्या अर्थाने मौद्याचा बॉयलर हे कॅलरीचं माहेर आणि जिम हे सासर.

सासरी तिला नेलं विल्बर ॲटवॉटरने. अमेरिकेतल्या कनेटिकटमध्ये, वेस्लियन विद्यापीठात त्याने 1890 च्या दशकात एडवर्ड रोझा या भौतिकशास्त्रज्ञाच्या मदतीने माणूस मावेल एवढं कॅलरीमीटर उभारलं. दुहेरी भिंतींची हवाबंद खोली, आत खाट, खुर्ची, टेबल आणि व्यायामाची सायकल. माणूस कित्येक दिवस आतच राही. जेवण झरोक्यातून आत जाई, मलमूत्र तसंच बाहेर येई, आणि दोन्हींची तपासणी होई. खोलीतून फिरवलेल्या नळ्यांतलं पाणी किती तापलं यावरून अंगातून निघालेली उष्णता कळे. खाल्लेलं आणि बाहेर पडलेलं यांचा हिशेब जवळजवळ तंतोतंत जुळला. कर्बोदकं आणि प्रथिनं ग्रॅमला 4, स्निग्ध पदार्थ 9, हे बिस्किटाच्या पुड्यामागचे आकडे ॲटवॉटरच्या कामातूनच आले. व्यायामाची कॅलरी खरोखर मोजली जाते ती अशा खोलीत.

पण खोली पाठीवर बांधून धावता येत नाही. पिशवी बांधता येते. 1911 मध्ये ऑक्सफर्डच्या क्लॉड डग्लसने उच्छ्वास साठवणारी पिशवी तयार केली. त्या हवेतून शरीराने किती ऑक्सिजन वापरला ते काढता येई. एक लिटर ऑक्सिजन खर्ची पडला की साधारण पाच किलोकॅलरी. प्रयोगशाळेत तोंडाला मुखवटा लावून ट्रेडमिलवर पळवतात, तो याच पिशवीचा आधुनिक अवतार.

मनगटावरचं घड्याळ ऑक्सिजनही मोजत नाही. ते कातडीवर हिरवा प्रकाश टाकतं आणि परत येणाऱ्या प्रकाशातली चढउतार बघून नाडी धरतं. रक्ताच्या लाटा अशा प्रकाशाने टिपता येतात हे अमेरिकेत आल्रिक हर्ट्झमनने 1930 च्या दशकातच दाखवलं होतं. खेळाडूंनी अंगावर घालायचं बिनतारी नाडीयंत्र फिनलंडच्या पोलार कंपनीने 1982 मध्ये बाजारात आणलं, छातीच्या पट्ट्यासह. जपानच्या यामासा कंपनीचं पावलं मोजणारं मानपो-केई तर 1965 चं. आजच्या बँडमध्ये दोन्ही घराणी एकत्र नांदतात: नाडीवरून ऑक्सिजनचा अंदाज, ऑक्सिजनवरून कॅलरीचा, आणि हाताच्या हालचालीवरून दोहोंची थोडी दुरुस्ती. नाडी बरीचशी बरोबर येते. घोळ होतो तो पुढच्या पायऱ्यांवर.

पहिली पायरी विश्रांतीच्या खर्चाची. निवांत बसलेला माणूस मिनिटाला किलोमागे 3.5 मिलिलिटर ऑक्सिजन वापरतो, असं धरून त्याला एक मेट म्हणतात. चालणं इतके मेट, धावणं तितके, असे तक्ते असतात. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 769 जणांचा हा खर्च प्रत्यक्ष मोजला, तेव्हा सरासरी 2.6 भरली. पायाच पाव हिश्श्याने कमी निघाला, मग वरचे मजले सरळ कसे राहणार?

इथे पुण्याचं एक छायाचित्र आठवायलाच हवं. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे असलेले छापले गेले: केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राचे चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी एकसारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. काटकुळ्या दिसणाऱ्या भारतीय शरीरात स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, हा याज्ञिक यांच्या संशोधनाचा गाभा. विश्रांतीतला खर्च मुख्यतः चरबीविरहित शरीरावर ठरतो. घड्याळाला आपण वय, उंची, वजन आणि स्त्री की पुरुष एवढंच सांगतो. ही माहिती सारखी असलेल्या दोघांच्या मनगटावर एकच पायाभूत आकडा उमटेल, मग एकाची चरबी दुसऱ्याच्या दुप्पट का असेना.

कॅलरीवरून महाराष्ट्रात झालेला सर्वांत मोठा वाद मात्र व्यायामाचा नव्हता, गरिबीचा होता. 1971 मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी माणशी रोज 2250 कॅलरी मिळवून देईल एवढा खर्च ही दारिद्र्यरेषा मानली. 1979 मध्ये नियोजन आयोगाच्या कृतिगटाने ग्रामीण भागासाठी 2400 आणि शहरी भागासाठी 2100 असे आकडे ठरवले. यावर हरकत घेतली पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे हे संख्याशास्त्रज्ञ वीस वर्षं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते आणि निवृत्तीनंतर पुण्यात येऊन राहिले होते. त्यांचं म्हणणं असं: एकच माणूस, वजन तेच, काम तेच, तरी त्याची ऊर्जेची गरज रोज सारखी नसते, शरीर एका मर्यादेत स्वतःच जमवून घेतं. म्हणून सरासरी आकड्याखाली असलेला प्रत्येक जण उपाशी ठरत नाही. दांडेकरांसह अनेकांनी याला कडाडून विरोध केला. हा युक्तिवाद मानला तर कागदावरचे गरीब आपोआप कमी होतील, ही टीकाकारांची धास्ती होती, आणि ती रास्तच होती. पण धोरणाचा प्रश्न बाजूला ठेवून केवळ शरीराचा विचार केला, तर एकाच माणसातला हा चढउतार विसरून चालत नाही. बँडवर काल 312 आणि आज 298 दिसले म्हणून हळहळणाऱ्याने तरी सुखात्म्यांचं नाव ठाऊक करून घ्यावं.

2017 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने सात घड्याळं 60 स्वयंसेवकांच्या हाती बांधून मुखवट्याच्या मोजणीशी ताडली. सातपैकी सहांची नाडीतली चूक 5 टक्क्यांच्या आत होती. कॅलरीत सर्वांत चांगलं घड्याळ 27 टक्क्यांनी चुकलं, सर्वांत वाईट 93 टक्क्यांनी. गडद त्वचा, जास्त बीएमआय आणि चालण्याचा व्यायाम असेल तिथे चूक वाढली. तेव्हापासून यंत्रं सुधारली असली तरी रीत तीच आहे, अंदाजावर अंदाज.

विदर्भात या अंदाजाला आणखी दोन शत्रू आहेत. एक ऊन. नवतप्यात सकाळी सातलाही अंग भाजतं. अंग थंड ठेवायला हृदयाला कातडीकडे जास्त रक्त ढकलावं लागतं आणि नाडी चढते. घड्याळाला वाटतं मेहनत वाढली, आणि ते कॅलरी फुगवून सांगतं. दुसरा शत्रू धानाचा रोवणा. चिखलात दिवसभर वाकून रोवणी करणारी बाई पावलं थोडी टाकते आणि अंतर नगण्य कापते. तिच्या हाती बँड बांधला तर पावलांच्या हिशेबात तिचा दिवस आरामाचा ठरेल. डोक्यावरचा भारा आणि हातातली घमेली घड्याळाला दिसतच नाहीत.

तरीही नोंद ठेवायची असेल तर ती नीट ठेवावी. ॲपमध्ये वजन आजचं टाकावं, लग्नातलं नव्हे. पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर आणि घट्ट बांधावा. सैल पट्ट्यात प्रकाश गळतो. व्यायामाचा प्रकार सुरुवातीलाच निवडावा. दंडबैठका, वजनं, सायकल यांसाठी शक्य असेल तर छातीचा पट्टा जोडावा. ‘एकूण’ कॅलरीत बसल्या जागी झालेला खर्चही धरलेला असतो. 60 किलोच्या माणसाला तासाला साठेक कॅलरी नुसत्या जगायला लागतात. व्यायामाचा हिशेब ‘ॲक्टिव्ह’ आकड्यावरून करावा. आणि धावणाऱ्यांसाठी एक जुना ताळा: सपाट रस्त्यावर एक किलोमीटर धावायला वजनाच्या किलोमागे साधारण एक किलोकॅलरी लागते. 60 किलोच्या मुलाने 1600 मीटर मारले की 96 च्या आसपास. घड्याळ 150 दाखवत असेल तर घड्याळ चुकतंय.

एकाच घड्याळावरचे या आठवड्याचे आणि मागच्या आठवड्याचे आकडे ताडून बघायला हरकत नाही, कारण घड्याळ चुकलं तरी बहुधा एकाच दिशेने चुकतं. दोन मित्रांनी दोन कंपन्यांच्या घड्याळांवरून पैज मात्र लावू नये. आणि ग्राउंड मारून आल्यावर तर्री पोह्यांची दुसरी प्लेट हवी असेल तर भूक लागली म्हणून खुशाल मागवावी. घड्याळाने तेवढ्या कॅलरी दाखवल्या म्हणून मागवू नये.